प्रकरण मिटले म्हणणारे कोण?

१ मार्च २०१८ रोजी ब्रिटनचे तेव्हाचे सांस्कृतिक खात्याचे मंत्री मॅट हॅनकॉक यांनी कॉमन्स सभागृहात जाहीर केले की टॅब्लॉइडांनी फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणातून निघालेल्या लेव्हसन चौकशीचा दुसरा भाग होणार नाही. कारणे ऐकायला समंजस होती. पोलिसांचे तीन मोठे तपास झाले, चाळीसहून अधिक जण दोषी ठरले, वृत्तपत्रांनी आपल्या घरात सुधारणा केल्या. शिवाय बातमीचे जगच आता पालटले आहे, खरे आव्हान समाजमाध्यमांचे आहे. मग जुने उकरून काढण्यात काय हशील?

हा सूर आपल्यालाही अनोळखी नाही. टॅब्लॉइडांनी फोन चोरून ऐकल्याचा विषय निघाला की ऐकवले जाते: दोषी तुरुंगात गेले, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकाला कुलूप लागले, मालक रूपर्ट मर्डॉक यांनी माफी मागितली, आणखी काय हवे? या गोष्टीतले जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धेच सांगितलेले आहे. उरलेले अर्धे बाहेर यावे म्हणून तर तो दुसरा भाग होता.

चौकशीचे दोन भाग कशासाठी केले होते, तेच आता लोक विसरलेत. जुलै २०११ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी न्यायमूर्ती ब्रायन लेव्हसन यांची नेमणूक केली, तेव्हा पोलीस तपास चालू होता आणि फौजदारी खटले व्हायचे होते. अशा वेळी ‘कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, काय केले’ हे उघड चौकशीत विचारले असते तर खटले बिघडले असते. म्हणून पहिल्या भागात फक्त रीतीभाती, संस्कृती, आचारसंहिता यांचा सर्वसाधारण विचार करायचा आणि खटले संपल्यावर दुसऱ्या भागात नावनिशीवार हिशेब मांडायचा, असे ठरले. २९ नोव्हेंबर २०१२ ला चार खंडांचा, दोन हजार पानांच्या घरातला अहवाल आला, त्यात हा हिशेब नाही. तो नसणारच होता. खटले संपल्यावर मंत्री म्हणाले, आता गरज उरली नाही. न्यायमूर्तींनी आपण या निर्णयाशी मुळातच असहमत असल्याचे सरकारला लेखी कळवले होते. तरी फाईल बंद झाली. मे २०१८ मध्ये ती पुन्हा उघडण्याची सूचना सभागृहाने फेटाळली ती ३०४ विरुद्ध २९५. नऊ मतांनी.

आता त्या ‘चाळीसहून अधिक’ दोषींकडे वळू, कारण सगळा युक्तिवाद त्या आकड्यावर उभा आहे. हे लोक कोण होते? संपादक, मालक, संचालक असे चित्र डोळ्यांसमोर येत असेल तर ते पुसून टाका. यातले बहुतेक जण ‘ऑपरेशन एल्व्हडेन’ या तपासातले आहेत, आणि ते आहेत पोलीस, तुरुंगातले कर्मचारी, सरकारी नोकर: वृत्तपत्रांकडून पैसे घेऊन माहिती विकणारे. संरक्षण मंत्रालयातल्या एका महिला अधिकाऱ्याने मर्डॉक यांच्याच ‘द सन’कडून सुमारे एक लाख पौंड घेतले, तिला वर्षभराची कैद झाली. ज्यांनी हे पैसे दिले त्या पत्रकारांपैकी बहुतेक जण निर्दोष सुटले. निर्दोष म्हणजे निर्दोष, त्याबद्दल वाद नाही. पण लाच घेणारा तुरुंगात आणि देणारा घरी, अशी ही यादी वृत्तपत्रांच्या जबाबदारीचा पुरावा म्हणून पुढे करायची, हे धाडस मोठेच म्हणायचे.

आणि हे सरकारी नोकर सापडले कसे? ते पोलिसांच्या चातुर्याने सापडले नाहीत. रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने २०११ मध्ये एक अंतर्गत समिती नेमली आणि त्या समितीने कंपनीतले ईमेल पोलिसांच्या हवाली केले. त्यात पैसे घेणाऱ्या सूत्रांची नावे होती. सूत्राचे नाव फोडायचे नाही, हा पत्रकारितेतला पहिला धडा. गल्लीतल्या साप्ताहिकाचा वार्ताहरही तो पाळतो. इथे कंपनी वाचवण्यासाठी कंपनीनेच आपले वार्ताहर आणि त्यांची सूत्रे दोन्ही ताटात वाढून दिली. टॅब्लॉइडांचे समर्थक वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या नावाने गळा काढतात तेव्हा या प्रसंगाचा उल्लेख कधी करत नाहीत. त्या कंपनीच्या इतिहासात स्वातंत्र्यावर झालेला सर्वांत मोठा घाव सरकारने घातलेला नाही, मालकाच्या समितीने घातला.

‘एक बिघडलेला वार्ताहर’ हे जुने समर्थन आता कोणी उघडपणे करत नाही, पण ते साडेचार वर्षे टिकले, आणि कसे टिकले हे बघण्यासारखे आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मध्ये राजपुत्र विल्यम यांच्या गुडघ्याच्या दुखापतीची एक किरकोळ बातमी आली. ती इतक्या मोजक्या लोकांना माहीत होती की राजवाड्याला संशय आला. ऑगस्ट २००६ मध्ये राजघराण्याच्या बातम्या पाहणारे संपादक क्लाइव्ह गुडमन आणि खाजगी गुप्तहेर ग्लेन मलकेअर यांना अटक झाली, जानेवारी २००७ मध्ये दोघांना अनुक्रमे चार आणि सहा महिन्यांची कैद झाली. युक्ती साधी होती. मोबाइलच्या व्हॉइसमेलला कंपनीने दिलेला मूळ संकेतांक बहुतेक लोक बदलतच नसत. एकाने फोन लावून लाइन गुंतवायची. त्याच क्षणी दुसऱ्याने लावायचा, तो थेट व्हॉइसमेलवर जातो, मग तो आकडा दाबायचा. संकेतांक बदललेला असेल तर मोबाइल कंपनीला फोन करून आपणच आतले कर्मचारी आहोत असे भासवायचे.

मलकेअर यांच्याकडून पोलिसांनी सुमारे अकरा हजार पानांची टिपणे जप्त केली. त्यांत हजारो नावे होती. कागदाच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा काम सोपवणाऱ्याचे पहिले नाव लिहिलेले असे. ‘बिघडलेला वार्ताहर’ एकच असता तर एकच नाव पुरले असते. ही पाने कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून पोलिसांच्या ताब्यात वर्षानुवर्षे पडून राहिली. मार्च २००७ मध्ये, तुरुंगातून सुटलेल्या गुडमन यांनी बडतर्फीविरुद्ध कंपनीला पत्र लिहिले आणि त्यात म्हटले की या प्रकाराची चर्चा रोजच्या संपादकीय बैठकीत होत असे, संपादकांनी त्याचा उघड उल्लेख करायला मनाई करेपर्यंत. एका गुन्हेगाराच्या त्या पत्रावर कंपनीने काय केले? त्यांना एकूण जवळजवळ अडीच लाख पौंड दिले. नंतर फुटबॉलपटूंच्या संघटनेचे प्रमुख गॉर्डन टेलर यांनी दावा लावला, तेव्हा खर्चासकट सुमारे सात लाख पौंडांना तो गुपचूप मिटवला. बाहेर मात्र पालुपद तेच: एकच माणूस, एकच प्रकरण.

जुलै २००९ मध्ये ‘गार्डियन’च्या निक डेव्हिस यांनी ही तडजोड फोडली. त्यावर लंडनच्या महानगर पोलिसांचे सहायक आयुक्त जॉन येट्स यांनी त्याच दिवशी पत्रकारांसमोर येऊन सांगितले की नव्याने तपास करण्याजोगे काही नाही. अकरा हजार पाने एका दिवसात चाळण्याचा तो विक्रम अजून कोणी मोडलेला नसावा. आणि वृत्तपत्रांचा नियामक म्हणवणारे प्रेस कम्प्लेंट्स कमिशन? त्याने नोव्हेंबर २००९ च्या अहवालात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ला मोकळे सोडले आणि शेरा मारला तो ‘गार्डियन’वर, की त्यांच्या बातम्यांत गाजावाजाच्या मानाने दम नाही. जुलै २०११ मध्ये तो अहवाल आयोगाला मागे घ्यावा लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असे.

‘कायदा होताच, आणि त्यानेच शिक्षा केली, मग वेगळा नियामक कशाला’ असा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. त्याचे उत्तर २००२ च्या एका घटनेत आहे. सरे परगण्यातली तेरा वर्षांची एक शाळकरी मुलगी मार्चमध्ये घरी परतताना नाहीशी झाली. पुढे तिचा खून झाल्याचे निघाले. ती हरवलेली होती तेव्हा ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने तिचा व्हॉइसमेल ऐकला. नोकरी देणाऱ्या एका संस्थेचा चुकून आलेला निरोप त्यात होता, त्यावरून मुलगी जिवंत आहे आणि मिडलंड्समधल्या टेलफर्डला कारखान्यात काम शोधते आहे, असा या लोकांनी तर्क बांधला. एका हरवलेल्या मुलीचा ठावठिकाणा लागला असे वाटल्यावर कोणताही माणूस आधी पोलिसांना कळवेल. यांनी आधी टेलफर्डला वार्ताहर पाठवले. तिथे काही हाती लागले नाही तेव्हा एप्रिलमध्ये पोलिसांना गाठले, आणि व्हॉइसमेलमधले निरोप आपल्याकडे आहेत हे स्वतःहून सांगितले.

हे वाक्य पुन्हा वाचावे. फोन चोरून ऐकणे २००० च्या कायद्याने गुन्हा ठरलेले होते. गुन्हा करणाऱ्याने पोलिसांकडे जाऊन तो जवळजवळ कबूल केला. पोलिसांनी काय केले? काहीच नाही. पुढे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र आयोगाने २०१३ मध्ये नोंदवले की सरे पोलिसांत सर्व पातळ्यांवर हे माहीत होते. नऊ वर्षे कायदा होता, माहिती होती, कबुली होती. नव्हता तो फक्त विचारणारा. ४ जुलै २०११ ला ‘गार्डियन’ने हे छापले तेव्हा सहा दिवसांत १६८ वर्षांचे ते साप्ताहिक बंद पडले.

इथे टॅब्लॉइडांचे वकील एक हुकमाचे पान काढतात, त्याचीही वासलात लावू. ‘गार्डियन’ने लिहिले होते की वार्ताहरांनी तिचे जुने निरोप पुसले, त्यामुळे ती जिवंत असल्याची खोटी आशा आईबापांना वाटली. डिसेंबर २०११ मध्ये पोलिसांनी सांगितले की ते निरोप बहुधा यंत्रणेने आपोआप पुसले होते. ‘गार्डियन’ने खुलासा छापला. झाले, तेव्हापासून ऐकू येते की एका चुकीच्या बातमीने एक वृत्तपत्र मारले. चूक होतीच, आणि ती लहान नव्हती. पण फोन ऐकला गेला, हे खोटे ठरले का? नाही. मर्डॉक कंपनीने त्या कुटुंबाला वीस लाख पौंड दिले आणि मर्डॉक यांनी स्वतःच्या खिशातून आणखी दहा लाख धर्मादाय संस्थांना दिले, ते निरोप पुसल्याबद्दल नव्हे. शिवाय वृत्तपत्र बंद केले मालकाने, ‘गार्डियन’ने नव्हे. बीस्कायबी ही दूरचित्रवाणी कंपनी पूर्णपणे ताब्यात घेण्याचा सौदा तेव्हा तोंडावर आला होता. साप्ताहिकाचा बळी देऊन तो वाचेल असा हिशेब असल्यास तोही चुकला, कारण तीनच दिवसांनी तो सौदा सोडावा लागला. त्या साप्ताहिकातले शेकडो निरपराध कर्मचारी मात्र रस्त्यावर आले.

पोलीस का गप्प राहिले, हे दुसऱ्या भागात विचारायचे होते. काही गोष्टी त्याविनाही उघड आहेत. ‘सन’च्या तेव्हाच्या संपादक रिबेका ब्रुक्स यांनी मार्च २००३ मध्ये संसदीय समितीसमोर, आपण पूर्वी माहितीसाठी पोलिसांना पैसे दिले आहेत, असे सांगितले होते. समिती चहाला उठावी तशी उठून गेली. २००६ चा तपास ज्यांच्या देखरेखीखाली झाला ते अँडी हेमन निवृत्तीनंतर त्याच मालकाच्या ‘टाइम्स’मध्ये स्तंभ लिहू लागले. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’च्या एका माजी कार्यकारी संपादकाला महानगर पोलिसांनी प्रसिद्धी सल्लागार म्हणून ठेवले. २००८ मध्ये पोलीस दलातली एक निवृत्त घोडी ब्रुक्स यांना सांभाळायला दिली गेली आणि तिच्यावर पुढे पंतप्रधान झालेल्या कॅमेरॉन यांनी रपेट मारली. (हे मी रचलेले नाही. त्या घोडीचे नाव रायसा.) गुडमन यांना शिक्षा झाल्यावर पायउतार झालेले त्या साप्ताहिकाचे संपादक अँडी कोल्सन कॅमेरॉन यांचे प्रसिद्धीप्रमुख झाले आणि २०१० मध्ये डाउनिंग स्ट्रीटवर पोहोचले. जुलै २०११ मध्ये पोलीस आयुक्त आणि येट्स यांनी लागोपाठच्या दिवशी राजीनामे दिले. कुंपणाने शेत खाल्ले, तर शेताच्या मालकाने कुंपणाला जाब विचारायचा असतो. इथे शेतमालकच कुंपणाच्या घोड्यावर बसलेला.

कोल्सन यांना २०१४ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ब्रुक्स सर्व आरोपांतून निर्दोष सुटल्या आणि २०१५ मध्ये मर्डॉक यांच्या ब्रिटिश कंपनीच्या प्रमुखपदी परतल्या. न्यायालयाने सोडलेल्या व्यक्तीला नोकरी मिळू नये असे माझे म्हणणे नाही. पण ज्या घरात आपल्या नाकाखाली वर्षानुवर्षे गुन्हे झाले आणि आपल्याला कळलेच नाहीत असे जिथे प्रमुखाचे म्हणणे असते, तिथे ते न कळणे ही नेतृत्वाची पात्रता कशी ठरते, एवढे तरी कोणी समजावून द्यावे.

‘हे एका वृत्तपत्राचे पाप’ हा आणखी एक बचाव. २००३ मध्ये माहिती आयुक्तांच्या लोकांनी हॅम्पशायरमधल्या एका खाजगी गुप्तहेराच्या घरी छापा घातला. वाहनांची नोंदणी, छापील यादीत नसलेले फोन नंबर, पोलिसांकडच्या गुन्ह्यांच्या नोंदी असे काय काय तो विकत होता. त्याच्या वह्यांत ३०५ पत्रकारांची नावे सापडली. आयुक्तांनी डिसेंबर २००६ मध्ये तक्ताच छापला. पहिल्या क्रमांकावर ‘डेली मेल’ होते: ५८ पत्रकार, ९५२ व्यवहार. यातले काही व्यवहार लोकहितासाठी असू शकतील, हे मान्य. पण एकाही पत्रकारावर खटला झाला नाही. ‘डेली मिरर’च्या कंपनीने लेव्हसन यांच्यापुढे काखा वर केल्या आणि २०१४ मध्ये फोन ऐकल्याची जबाबदारी कबूल केली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती फॅनकोर्ट यांनी राजपुत्र हॅरी यांना १,४०,६०० पौंडांची भरपाई देताना म्हटले की त्या कंपनीत २००६ ते २०११ या काळात फोन ऐकणे मोठ्या प्रमाणावर चालू होते, काही अंशी तर लेव्हसन चौकशी चालू असतानाही. गुडमन तुरुंगात गेल्यावरही, म्हणजे ‘धडा शिकल्या’नंतरही!

ब्रिटनमध्ये कायदा कमी नाही. कायदे करून ते लागू करण्याची तारीखच द्यायची नाही, ही तिथली कला आहे. माहिती चोरणाऱ्याला दंडाऐवजी कैद व्हावी म्हणून २००८ मध्ये फौजदारी न्यायाच्या कायद्यात कलम ७७ आले. संपादकांनी सरकारदरबारी वजन खर्च केले आणि ते कलम अंमलात आलेच नाही. लेव्हसन यांच्या शिफारशीनंतर २०१३ च्या कायद्यात कलम ४० आले. मान्यताप्राप्त नियामकाचे सदस्यत्व घेतलेल्या वृत्तपत्रावर दावा लावायचा तर आधी स्वस्त लवादाकडे जा, सदस्यत्व न घेतलेल्या वृत्तपत्राला मात्र कोर्टाचा खर्च सोसावा लागेल, असे त्याचे सूत्र. तेही अकरा वर्षे कपाटात राहिले आणि २०२४ च्या माध्यम कायद्याने, एकही दिवस लागू न होता, रद्द झाले. कलम ४० मध्ये दोष नव्हता असे नाही. दावा जिंकलेल्या वृत्तपत्रालाही दोन्ही बाजूंचा खर्च भरावा लागू शकेल, ही तरतूद जाचक होती आणि ‘गार्डियन’नेही तिला विरोध केला होता. पण दोष असलेले कलम सुधारतात. इथे सुधारले नाही, तारीख दिली नाही, आणि शेवटी ते मेले तेव्हा ‘स्वातंत्र्य वाचले’ म्हणून पेढे वाटले.

‘न्यायालये उघडी आहेत, ज्याला तक्रार आहे त्याने जावे’ असे म्हणणाऱ्यांनी इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयाचा एक नियम समजून घ्यावा. प्रतिवादीने तडजोडीची रक्कम देऊ केली, वादीने ती नाकारली आणि खटला जिंकूनही त्याला त्या रकमेपेक्षा कमी भरपाई मिळाली, तर त्यापुढचा दोन्ही बाजूंचा खर्च साधारणपणे वादीच्या बोकांडी बसतो. खटले लवकर मिटावेत हा हेतू. पण ज्याच्याकडे अमाप पैसा आहे त्याच्या हाती हा नियम म्हणजे सत्य विकत घेण्याची सोय. एवढी मोठी रक्कम देऊ करायची की कोणताही न्यायाधीश तेवढी भरपाई देणारच नाही. मग वादीपुढे दोनच वाटा उरतात: पैसे घेऊन गप्प बसा, किंवा जिंकून भिकारी व्हा. एप्रिल २०२४ मध्ये अभिनेते ह्यू ग्रँट यांनी ‘सन’विरुद्धचा दावा मिटवला आणि उघडपणे कारण सांगितले: आपण खरे ठरलो तरी खर्चापायी एक कोटी पौंडांपर्यंत गमवावे लागले असते. कंपनीने काहीही कबूल केले नाही. हॉलिवुडमध्ये कमावणाऱ्या माणसाला सत्य परवडत नाही, तिथे टेलिफोन नंबर चोरीला गेलेल्या परिचारिकेने किंवा लंडनच्या ७ जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांत आप्त गमावलेल्या कुटुंबाने काय करायचे? त्या कुटुंबांपैकी काहींचे नंबरही त्या काळ्या पिशव्यांत होते, म्हणून सांगतो.

अशा रीतीने मर्डॉक कंपनीने तेराशेच्या आसपास दावे सुनावणीविना मिटवले. एकूण खर्च एक अब्ज पौंडांच्या पुढे गेल्याचे सांगितले जाते. २२ जानेवारी २०२५ ला राजपुत्र हॅरी आणि माजी खासदार टॉम वॉटसन यांचा दावाही ऐन सुनावणीच्या तोंडावर मिटला. त्या वेळी ‘सन’साठी काम करणाऱ्या खाजगी गुप्तहेरांच्या बेकायदा कृत्यांबद्दल कंपनीने प्रथमच माफी मागितली. गुप्तहेरांच्या कृत्यांबद्दल, पत्रकारांच्या नव्हे, ही बारीक रेघ लक्षात ठेवावी. काम दिले कोणी, बिल मंजूर केले कोणी, हे साक्षीच्या पिंजऱ्यात विचारले जाणार होते. ते राहिले.

स्वातंत्र्याचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १६९५ मध्ये इंग्लंडमध्ये छपाईच्या परवान्याची पद्धत संपली. तीनशे वर्षांनी ती मागच्या दाराने आणू नका, असे तिथले संपादक म्हणतात, आणि आणीबाणीत कोरे अग्रलेख पाहिलेल्या आपल्या पिढीला ती भीती कळते. सरकारने नेमलेला नियामक मलाही नको. पण लेव्हसन यांनी परवाना मागितलाच नव्हता. वृत्तपत्रांनी आपला नियामक स्वतःच उभा करावा, त्यात चालू संपादक आणि राजकारणी नसावेत, आणि तो खरोखर स्वतंत्र आहे की नाही हे एका तटस्थ मंडळाने ठरावीक वर्षांनी तपासावे, एवढेच ते मागणे. शेजारच्या आयर्लंडमध्ये २००९ च्या बदनामी कायद्याने प्रेस कौन्सिलला अशी मान्यता मिळाली. तिच्या सदस्यांत कोण आहेत? ‘आयरिश सन’, ‘आयरिश डेली मेल’, ‘आयरिश डेली मिरर’. तेच मालक, तोच मसाला. डब्लिनमध्ये ज्या व्यवस्थेत त्यांचे स्वातंत्र्य सुखाने नांदते, तिचे नाव काढले की लंडनमध्ये त्यांना हुकूमशाही दिसते.

त्याऐवजी त्यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये ‘इप्सो’ नावाची आपली संस्था काढली आणि तिच्यासाठी मान्यता मागितलीच नाही. तिला दहा लाख पौंडांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे, याची जाहिरात मोठी. पहिल्या दशकात तिने असा दंड एकदाही केला नाही.

लोकहितासाठी कधी कधी वाकडी वाट धरावी लागते, हेही मान्य. आपल्या वाचकांना यातले सर्वांत जवळचे उदाहरण क्रिकेटचे. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्स कसोटीत पाकिस्तानचे गोलंदाज ठरवून नोबॉल टाकत आहेत, हे ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’च्या मझहर महमूद यांनी वेश पालटून, एका दलालाला दीड लाख पौंड देऊन उघडकीला आणले. सलमान बट, महंमद आसिफ, महंमद आमिर तुरुंगात गेले. उत्तम पत्रकारिता, मी टोपी काढतो. पण तिथे गुन्ह्याचा संशय आधी होता, फसवणूक नंतर आली, आणि हाती आलेला पुरावा न्यायालयात टिकला. हरवलेल्या मुलीच्या फोनमध्ये कोणता गुन्हा शोधत होते? आणि याच महमूद यांना २०१६ मध्ये, दुसऱ्या एका सापळ्याच्या खटल्यात साक्ष फिरवण्याच्या कटाबद्दल पंधरा महिन्यांची कैद झाली. वेश पालटण्याची परवानगी दिली तरी तो कधी, कोणाच्या मंजुरीने पालटला याची नोंद मागणारा कोणीतरी हवाच, हे त्यातून दिसते.

‘लोकांना हेच वाचायला आवडते’ या बचावावर दोन वाक्ये पुरेत. खानावळीत जेवणाऱ्याने आमटीला दाद दिली म्हणून मागच्या दाराने आलेल्या चोरीच्या डाळीला त्याची संमती होती असे होत नाही. आणि डाळ कुठून आली हे कळले तेव्हा त्याच वाचकांच्या संतापाने जाहिरातदारांना त्या साप्ताहिकातून पळ काढायला लावला.

आपल्याशी याचा संबंध स्वनियमनाच्या त्या जादूच्या शब्दापुरता आहे, पण तेवढा पक्का आहे. आपल्या प्रेस कौन्सिलला १९७८ च्या कायद्याने ताकीद देता येते, निषेध नोंदवता येतो, दंड करता येत नाही. वाहिन्यांनी तर ब्रिटिश वृत्तपत्रांसारखीच आपली संस्था आपणच काढली. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात खोट्या ट्वीटच्या बातमीबद्दल तिने एका मोठ्या वाहिनीला एक लाख रुपये दंड केला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच प्रकरणातल्या माध्यमखटल्यावर कोरडे ओढले, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले की एवढ्या दंडाने कोणाला काय फरक पडतो. जाहिरातींतून सहज वसूल होणारी रक्कम ती. लंडनचा ‘यशस्वी’ नमुना आपल्यापुढे ठेवला जातो तेव्हा तो कशात यशस्वी झाला हे आधी तपासावे.

राहिले हॅनकॉक यांचे ‘जग बदलले आहे’. बदलले आहेच. व्हॉइसमेल आता कोण ऐकतो? पण लेव्हसन यांचा दुसरा भाग व्हॉइसमेलच्या तंत्राबद्दल नव्हताच. एका खाजगी कंपनीने गुन्हा केला, पोलिसांना तो ठाऊक होता, मंत्र्यांना त्या कंपनीची मैत्री हवी होती आणि नियामक त्याच कंपन्यांच्या वर्गणीवर चालत होता, तेव्हा त्यांच्यात काय काय ठरले, हा त्याचा विषय होता. उद्या हेच नाते मोबाइलमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या प्रणाली विकणाऱ्याशी असेल, नाहीतर समाजमाध्यमाच्या मालकाशी. जुन्या सौद्याची कागदपत्रे न उघडता नवा सौदा ओळखता येईल, असे म्हणणाऱ्या मंत्र्याला तो ओळखायचाच नसतो.

वाचकांना एकच सांगणे आहे. यापुढे कोणी, लंडनमध्ये असो वा मुंबईत, स्वनियमन उत्तम चालले आहे असे सांगू लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. आजवर दंड किती केला? तो कोणाच्या खिशातून गेला? आणि निकाल देणाऱ्यांचा पगार कोण देते? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.